वाटणीतले हंस

ते वर्ष दोन हजार दोन. फाल्गुन सरत आला होता, पाडव्याला दहा-बारा दिवस राहिले होते आणि शेतात कांदा काढणीला आला होता. आमच्या घरी नुकताच टेलिफोन आला होता, त्याच्यावर धाकट्या जावेनं, आरतीनं, विणलेला रुमाल घातलेला असे. तारीख आठवत नाही, पण वार गुरुवार होता हे नक्की, कारण गोरखभावजींना भोसरीच्या कंपनीत गुरुवारची सुट्टी असे आणि त्यांच्याशिवाय वाटणी होणार नव्हती.

वाटणी मी आधीही पाहिली होती. माझ्या माहेरी भावांनी दाराची चौकटसुद्धा करवतीनं कापून निम्मी-निम्मी घेतली. त्यामुळे वाटणीत काय काय बघावं लागतं ते सगळं आपलं बघून झालंय, असं मला वाटायचं.

सकाळी नवाच्या सुमाराला पडवीत घोंगडी अंथरली. पंच दोघेच. एक भावकीतले गेणभाऊ, बोळकं तोंड, पण शब्द अजून वजनाचा. दुसरे मंचरचे बन्सीलालशेठ. त्यांचं बियाण्याचं दुकान, मारवाडातून येऊन तीन पिढ्या झालेलं घर, आणि अक्षर असं की तलाठ्यानंही हेवा करावा. कागद लिहायला म्हणून मामंजींनी मुद्दाम त्यांना बोलावलं होतं.

"धर्माजीराव, एक सांगून ठेवतो," पाट ओढून बसता बसता बन्सीलालशेठ म्हणाले. "दिवस बुडायच्या आत मला घरी पोचलं पाहिजे. नंतर मी जेवत नाही, आणि उपाशी राहिलो तर बायको माझ्यावर नाही, तुमच्यावर चिडते."

"दिवस बुडायचं काय घेऊन बसलात, शेठ? दुपारच्या आत उरकू," मामंजी म्हणाले.

मामंजी खांबाला टेकून बसले होते, हातात अडकित्ता. सुपारी कातरत होते, खात नव्हते.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला आपल्याला कोणता येणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो काटा सरळ धरतो. आमचे हे, कुंडलिकराव, थोरले. चार दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. बांधावर बसून काडीनं मातीत रेघा ओढायचे आणि पुसायचे. विहिरीजवळची साडेतीन एकर काळी, आणि पेठेच्या रस्त्याकडची साडेतीन एकर मुरमाड. ती दोन्ही कशानं सारखी होणार?

शेवटी त्यांनी ती सारखी केली. कशानं केली ते मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी काही बोलले नाही. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

घोंगडीवर एक सुपारी आणि एक हळकुंड ठेवलं. बन्सीलालशेठ चष्मा पुसून वाचू लागले.

"सुपारीचा वाटा. विहिरीजवळची साडेतीन एकर. जुन्या घराच्या उगवतीकडच्या दोन खोल्या. बैलजोडी. मोठं पातेलं, परात. वडील धर्माजी यांचा सांभाळ. हंस नग एक." त्यांनी पान उलटलं. "हळकुंडाचा वाटा. रस्त्याकडची साडेतीन एकर. मावळतीकडच्या दोन खोल्या. दोन्ही म्हशी. शिवणयंत्र. आई प्रयागबाई यांचा सांभाळ. हंस नग एक."

मुरमाड जमिनीत आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, टाकून यांनी काटा सारखा केला होता. आत्याबाई सत्तरीच्या, पण दोन म्हशींच्या धारा, चुलीपुढचं सगळं, पोरांचं न्हाणं, अजून सगळं त्यांच्याच अंगावर होतं. मामंजी मात्र काही करत नसत. त्यांचं करावं लागे.

"उचल, गोरख," गेणभाऊ म्हणाले.

गोरखभावजींनी स्वैपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं मी आणि आरती उभ्या होतो. आरतीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडवीच्या कडेला चहाच्या कपबशा मांडणाऱ्या आत्याबाईंकडे नुसती नजर वळवली. भावजी वाकले आणि हळकुंड उचललं.

मी दाराची चौकट धरली. सासू दुरावली म्हणून धरली असती तर आज बरं वाटलं असतं. उद्यापासून चुलीपुढचं सगळं कोण करणार, म्हणून धरली. आणि आरतीनं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं, "ताई, हळकुंड उचललं तवा मला इतका आनंद झाला, की मीच मला भ्याले."

आत्याबाईंनी कपात चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

"झालं तर मग," गेणभाऊ म्हणाले. "शेठ, सह्या घ्या."

म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांचा संसार दोन घरांत वाटायला जितका वेळ लागला, तेवढ्यात चहाला उकळी फुटली नसती. कुणी हूं केलं नाही. मी नाही, पोरांनी नाही, पंचांनी नाही.

मग हंसांची पाळी आली.

हे हंस आत्याबाईंनी अठ्ठ्याण्णव साली मंचरच्या बाजारातून आणले. गेल्या होत्या खुडूक कोंबडी बघायला. तिथं नगरकडचा एक माणूस पाट्यांतून बदकं आणि हंस घेऊन बसला होता. मी बरोबर होते. आत्याबाईंनी एकेक पिल्लू उचलून डोळे पाहिले, पंजे पाहिले, शेपटाखालची पिसं कोरडी आहेत का ते पाहिलं, मान धरून नाही, तर अंगाखाली हात घालून. त्या माणसानं एक थोराड नर आणि एक बारीक मादी निवडून दिली, "मावशी, ही जोडी न्या." आत्याबाईंनी ती परत पाटीत सोडली. पाटीच्या कोपऱ्यात दोन पिल्लं एकमेकांना खेटून उभी होती. एकाला हुसकलं की दुसरं चालायला लागे. त्यांनी ती दोन उचलली.

"आवो, त्यात नर कुठला, मादी कुठली, मलाबी सांगता यायचं न्हाई," तो माणूस म्हणाला.

"मला कुठं इचारायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर यांनी त्यांना नावं ठेवली. जरा उंच आणि चोचीवर मोठा गड्डा असलेला तो राजा, दुसरी राणी. सगळ्या वस्तीनं तीच नावं उचलली. आत्याबाई त्यांना रोज घासाच्या पेंढीतला पाला तोडून घालायच्या, भिजवलेली बाजरी द्यायच्या, आणि पाण्याचं घमेलं नेहमी इतकं खोल ठेवायच्या की त्यांना मान बुडवता यावी. "डोळं धुता आलं न्हाई तर बिघडत्यात," म्हणायच्या. घाण सगळीकडे. आम्ही वैतागायचो. दूधवाल्याच्या पोटरीला ते चावले, वीजबिलवाल्याला त्यांनी मोटारसायकलवर पाय वर घेऊन बसवलं. पण बिबट्यानं आमचा कुत्रा उसातून उचलून नेल्यापासून कुणी त्यांना काही बोलेना. परकं पाऊल वाजलं की हंस आधी ओरडत. संध्याकाळी त्यांना लोखंडी जाळीच्या खुराड्यात घालून, कडी लावून, दोनदा ओढून बघितल्याशिवाय आत्याबाई जेवायला येत नसत. तसंही त्या सगळ्यांच्या शेवटीच जेवत.

तर बन्सीलालशेठ म्हणाले, "यातला कोणता कुठे, तेवढं सांगा. नुसतं 'नग एक' लिहून चालायचं नाही."

"राजा आमच्याकडं," हे म्हणाले. "राणी गोरखकडं. मधी जाळी मारू."

गोरखभावजींची संस्कृती दुसरीत होती, त्या दिवशी तिची शाळा बुडाली होती. खांबाआड बसून ती गृहपाठ करत होती. ती एकदम उठली, हौदापाशी धावत गेली आणि दोन्ही हंसांच्या मधोमध बसून त्यांच्या गळ्यात हात टाकून असा हंबरडा फोडला, की गेणभाऊंच्या हातातली तंबाखू खाली पडली.

"न्हाई न्हाई न्हाई! राणी मरंल! राजा न्हाई दिसला तर ती खात न्हाई! आजीला इचारा!"

"उगी गं," आरती धावली. "मी तुला दुसरा आणून देईन."

"मला दुसरा नको! तिला ह्योच पायजे!"

बन्सीलालशेठनी लेखणी खाली ठेवली. ते मला पुढे म्हणाले होते, की इतकी वर्षं दुकानात बसून मी लोकांची वाटणीपत्रं लिहिली. बैल लिहिले, बाभळी लिहिल्या. पण जीव तोडायचं लिहिताना हात अडला तो त्या दिवशीच.

"कुंडलिकराव, हे मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "जोडीनं राहिलेला जीव आहे. पाप लागतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"शेठ म्हणत्यात ते खरं हाय," गोरखभावजी म्हणाले. "दादा, राजाबी ऱ्हाऊ द्या आमच्याकडं."

"का? तुमच्याकडंच का?" माझ्या तोंडून निघालं. "पाणी आमच्या हौदात, आन हंस तुमच्याकडं?"

"ताई, पोरगी रडतीय न्हवं," आरती म्हणाली.

"माझी पोरं मोठी झाली म्हणून त्यांना काय जीव न्हाई व्हय?"

असं अर्धा तास चाललं. हंस कुणी पाळायचे, पाण्याला कुठे न्यायचे, खुराडं कुणाच्या भिंतीला लावायचं. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं: जोडी मोडायची नाही. हे तर एकदा डोळे पुसून म्हणाले, "मुका जीव हाय राव, त्याला तोंड न्हाई बोलायला."

गेणभाऊ खाली पडलेली तंबाखू वेचत होते. वेचता वेचताच, वर न बघता, म्हणाले, "कुंडल्या, हंसांची जोडी मोडवत न्हाई तुला. आन आईबापाची?"

 संस्कृती रडायची थांबली.

यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. भर उन्हात कुणी घागर ओतावी तसे ते घामानं भिजले. नंतर ते मला म्हणाले होते, "भागू, मी आईला मुरमाशी तोललं. काडीनं रेघ मारून." पण त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "चुकलं, गेणभाऊ."

"माझंबी," भावजी म्हणाले. "दोघंबी आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"न्हाई, थोरला मी हाय. दोघं आमच्याकडं."

"म्हशी घ्या पायजे तर माघारी..."

"म्हशी नको मला, आई-बाप पायजेत!"

आता दोघा भावांत चढाओढ लागली. गेणभाऊ बोळकं तोंड पसरून हसले. बन्सीलालशेठनी 'आई प्रयागबाई' ही ओळ सरळ रेघ मारून खोडली. आरतीनं माझा हात धरला, मी तिचा धरला. दोघींच्या डोळ्यांत पाणी. मामंजींनी अडकित्ता मिटला आणि पहिल्यांदाच एक सुपारी तोंडात टाकली. मोठं गोड चित्र होतं ते. मला आजही ते तिथंच थांबवावंसं वाटतं.

"माझं कुणी इचारलं का?"

आत्याबाई हौदापाशी होत्या. कधी उठून गेल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. पदराच्या ओट्यात काहीतरी धरून त्या पडवीच्या पायरीशी आल्या.

"बोल की, बय," हे म्हणाले. "तुला कुठं बरं वाटंल? थोरल्याकडं का धाकट्याकडं?"

"दोघांकडंबी न्हाई. आन ह्यांच्यासंगं तर न्हाईच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आरतीनं माझा हात सोडला.

"काय म्हणतीस गं?" मामंजी म्हणाले. सुपारी त्यांच्या तोंडात तशीच होती.

"शेठनी माझं नाव खोडलं, बरं झालं. आता खाली लिवा. तिसरा वाटा. विहिरीवरली मोटारीची खोली. तिच्या म्होरलं गवताचं टिकूर, तेवढा बारका तुकडा. आन ही दोन पाखरं. तिथं मी ऱ्हाणार. एकटी."

"आई, डोकं फिरलं का तुझं?" भावजी उभे राहिले. "लोक काय म्हणतील? दोन-दोन ल्योक असून म्हातारी मोटारीच्या खोलीत? शेण घालतील तोंडात!"

"सकाळी मला मुरमात घातली, तवा न्हाई कुणी शेण घातलं."

"ते चुकलं म्हणलं की!" हे ओरडले. "ह्या वयात असं... अगं, पाखरं जोडीनं ऱ्हात्यात, आन माणसानं..."

"जोडी?"

आत्याबाईंनी ओट्यातून दोन अंडी काढली आणि घोंगडीवर ठेवली, सुपारी होती तिथं. मोठी, पांढरी, दोन्हीवर अजून ओली माती.

"ही आज सकाळची हायेत. काल खोपा रिकामा व्हता. एक पाखरू एका दिसात दोन अंडी घालतं का, गेणभाऊ? चार वर्सं झाली, हंगामात रोज बघती मी. कोंबडीखाली ठिवली, एक फुटलं न्हाई. कसं फुटंल? राजा न्हाई आन काय न्हाई. दोघी बाया हायेत."

गेणभाऊंनी एक अंडं हातात घेतलं, दुसरं घेतलं, पुन्हा पहिलं घेतलं.

"आयला," ते म्हणाले.

"चार वर्सं तू बोलली न्हाईस?" यांना त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

"कुणी इचारलं न्हाई. तुमी नावं ठिवली, तुमीच म्हणत बसला राजा-राणी. त्या पटतंय म्हणून संगं ऱ्हात्यात. कुणी लगीन लावलं न्हाई त्यांचं."

मामंजी उठले. खांबाचा आधार घेऊन उठले. साडेपाच फुटांचा तो माणूस मला एकदम लहान दिसला.

"मी काय कमी केलं तुला?"

"काय न्हाई."

"हात उगारला कधी?"

"न्हाई. एकदाबी न्हाई."

"दारू? बाई? जुगार?"

"न्हाई हो. चांगलं माणूस हायसा तुमी. ह्या पोरांम्होरं सांगती, चांगलं माणूस हायसा."

"मग?"

 आत्याबाईंनाही ते पहिल्यांदाच शब्दांत घालायचं होतं.

"तेराव्या वर्साची आले. सासूनं सांगितलं, धनी जेवल्याबिगर तोंडात घास घालायचा न्हाई. तुमी कवा बारा वाजता आला, कवा चार वाजता. कवा तमाशाला गेला आन दुसऱ्या दिसाला आला. भाकर माझ्याम्होरं वाळायची. तुमी कधी म्हणला न्हाई, थांब म्हणून. पर जेव, असंबी कधी म्हणला न्हाई. आता मला भूक लागली का जेवायचंय. बास. दुसरं काय न्हाई."

"एवढ्यासाठी?" मामंजींचा आवाज फुटला. "एवढ्यासाठी मला सोडतीस?"

"तुमाला एवढं वाटतंय," आत्याबाई म्हणाल्या.

 एखादा मोठा गुन्हा बाहेर आला असता तर आम्ही दोन बाजू घेतल्या असत्या. मी चुलीकडं पाहिलं. आमचे हे अजून जेवले नव्हते, म्हणून मीही सकाळपासून पाण्यावर होते. आरतीही. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

सगळ्यांत आधी हलले ते बन्सीलालशेठ. त्यांनी कोरा कागद घेतला.

"शेठ, लिवू नका!" हे म्हणाले.

"बाईंनी सांगितलंय," ते म्हणाले. "धर्माजीराव, तुमचं म्हणणं काय?"

मामंजींनी त्या दोन अंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिवा," आणि चपला न घालता शेताकडं निघून गेले.

आत्याबाईंनी अंगठा उठवला. शाईचा डाग पदराला पुसला, चुलीपुढं जाऊन ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसल्या. पंच अजून पडवीत होते.

पंचक्रोशीत ते कित्येक महिने पुरलं. कुणी म्हणालं भूतबाधा, कुणी म्हणालं सुनांनी छळलं. आम्ही दोघींनी ते ऐकून घेतलं. निम्मं खरं होतं.

गेणभाऊ दोन वर्षांनी गेले. तोवर जिथं वाटणीला बसले, तिथं आधी म्हातारीला विचारून या म्हणायचे. बन्सीलालशेठचं दुकान त्यांचा विपुल बघतो. शेठ नव्वदी गाठून गेले. गोरखभावजींची कंपनी बंद पडली, पण पुढं अवसरीला इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं आणि आरतीनं पोरांसाठी खानावळ काढली. रस्त्याकडच्या मुरमाड जमिनीला आज जो भाव आहे, तो ऐकून कुंडलिकराव हसले असते. ते दोन हजार सोळाला गेले. त्या दिवसानंतर ते कधी कुणाच्या वाटणीला पंच म्हणून बसले नाहीत. संस्कृती पुण्यात नोकरी करते, नवऱ्याच्या आधी जेवते, आणि यात काही विशेष आहे असं तिला वाटत नाही. हंसांतली एक सात-आठ वर्षांनी म्हातारी होऊन गेली, दुसरी पुढच्याच हिवाळ्यात.

मामंजी आमच्याकडं राहिले. सहा महिने विहिरीकडं फिरकले नाहीत. मग एक दिवस दुपारी काठी घेऊन गेले. हंस त्यांना कुंपणाच्या आत येऊ देईनात. बाहेरूनच हाक मारावी लागली, पाहुण्यासारखी. आतून आवाज आला, "जेवतीये. थांबा." ते उन्हात थांबले. पुढं रोज जाऊ लागले, रोज थांबू लागले. कधी आत बोलावणं येई, कधी नाही. माघारी आल्यावर मला कधी काही सांगितलं नाही.

दोन हजार सातला त्यांनी अंथरूण धरलं. आत्याबाई आपण होऊन आमच्या घरी आल्या, एकवीस दिवस त्यांचं सगळं केलं, आणि तेरावा उरकल्यावर आपल्या खोलीत परत गेल्या. तिथंच पुढं सहा वर्षं राहिल्या, तिथंच झोपेत गेल्या.

त्या एकवीस दिवसांत मामंजींना मधूनमधून भान यायचं. आलं की मला जवळ बोलावून एकच विचारायचे, "ती जेवली का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तशीच स्वैपाकघरात गेले. आत्याबाई चुलीशी ताट घेऊन बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी तोंडातला घास संपवला.

"जेवतीये म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास तोडला.